स्वयंसेवी प्रयोगाकडून शासकीय योजनेकडे : ग्रामीण शिक्षण, आरोग्य व कौशल्य क्षेत्रांतील महाराष्ट्राचे अनुभव

सारांश

ग्रामीण भागातील बालशिक्षण, आरोग्य व व्यवसायकौशल्य या तीन क्षेत्रांत महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी केलेले प्रयोग पुढे शासकीय योजनांचा भाग बनले. कोसबाड, जामखेड, गडचिरोली व पाबळ येथील कार्याचा आढावा घेऊन, प्रयोग योजनेत रूपांतरित होताना त्यातील कोणते घटक पुढे गेले आणि कोणते मागे राहिले याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मोजता येणारे काम योजनेत सहज उतरते. त्या कामामागील सातत्यपूर्ण प्रशिक्षण, निर्णयाचा अधिकार व गावातील प्रतिष्ठा मात्र बहुधा मागे राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वयंसेवी कार्य, अंगणवाडी, ग्राम आरोग्यसेविका, आशा, मूलभूत तंत्रज्ञान, समुदाय सहभाग.

१. प्रस्तावना

आपल्या समाजात धर्मादाय कार्याची परंपरा जुनी आहे. अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा ही तिची परिचित रूपे होत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने दारिद्र्य वा आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयोगितेची अन्य कामे यांना धर्मादाय हेतू म्हणून मान्यता दिली. कायद्याच्या दृष्टीने हे हेतू वेगवेगळे असले, तरी खेड्यातील जीवनात ते परस्परांत गुंतलेले असतात. गावात पाणी नाही म्हणून मूल आजारी पडते, आजारी मुलाच्या आईचा रोज बुडतो, रोज बुडाला की थोरल्या मुलीची शाळा सुटते. या साखळीतील एकच कडी हाताळणारे कार्य फार काळ टिकत नाही, हा अनुभव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक संस्थांना आला.

या अनुभवातूनच दानाच्या कल्पनेला नवे वळण मिळाले. वस्तू देण्याऐवजी क्षमता देणे आणि तज्ज्ञाकडे असलेले ज्ञान गावातील साध्या व्यक्तीच्या हाती सोपविणे, ही या वळणाची दिशा होती. या दिशेने झालेले काही प्रयोग इतके यशस्वी ठरले, की शासनाने ते देशभर नेले. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रवासाचा अभ्यास आज विशेष महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळाल्यामुळे विद्यार्थ्यांना गावात नेणे हा आता अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) ग्रामीण बालशिक्षण, आरोग्य व कौशल्य क्षेत्रांतील निवडक स्वयंसेवी प्रयोगांचे स्वरूप समजून घेणे.
२) या प्रयोगांचे शासकीय योजनांत झालेले रूपांतर तपासणे.
३) त्या आधारे महाविद्यालयीन विस्तारकार्यासाठी काही सूचना करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रयोगांची निवड करताना त्यांचा पुढील शासकीय धोरणाशी असलेला संबंध हा निकष मानला आहे.

३. कोसबाड : शाळा अंगणात गेली

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाकडे वळल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. मुंबईतील कार्यानंतर १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) याच काळात त्यांच्यासोबत आल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांच्या शिक्षणाचे केंद्र बनले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

येथे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तू आल्या. दुसरी अडचण अधिक मूलभूत होती : मुले शाळेत येतच नव्हती. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे, तर कोणी गुरे राखत असे. तेव्हा शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि घरापुढील अंगणातच बालवाडी भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. 'अंगणवाडी' व 'कुरणशाळा' हे शब्द अशा प्रकारे एका व्यावहारिक प्रश्नाच्या उत्तरातून जन्माला आले. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न तेथे मुलाच्या वा पालकांच्या माथी मारला गेला नाही. तो शाळेने स्वतःला विचारला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. कोणत्याही स्वयंसेवी संस्थेला हा विस्तार साधला नसता, हे मान्य केले पाहिजे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आल्या. परंतु ज्या शिक्षणासाठी अंगणवाडी जन्मली, तेच प्रत्यक्षात मागे पडले. वजन, आहार व नोंदी मोजता येतात, वर कळविता येतात. गाणे, गोष्ट, मातीकाम आणि मुलाशी त्याच्या बोलीतून होणारा संवाद यांचा रकाना नोंदवहीत नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. या दोन्ही गोष्टी म्हणजे मागे राहिलेला मूळ हेतू पुन्हा आणण्याचा प्रयत्न होय.

४. जामखेड व गडचिरोली : औषधाआधी विश्वास

४.१ जामखेडचा सर्वंकष प्रकल्प

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळात या भागातील लोकांची निकड अन्न व पाणी ही होती. आरोग्य हा त्यांच्या दृष्टीने नंतरचा विषय होता. म्हणून प्रकल्पाने आरंभी पाण्याचे व पोषणाचे काम हाती घेतले. हातपंप दलित वस्तीत बसतील अशी दक्षता घेतली गेली. पाण्यासाठी सर्व जातींच्या स्त्रियांना तेथे यावे लागले, आणि अस्पृश्यतेच्या रूढीला भाषणाविना धक्का बसला.

परिचारिकांच्या बळावर खेड्यातील आरोग्यसेवा उभी राहणार नाही, हे लवकरच लक्षात आले. बाहेरून आलेली परिचारिका गावात रुळत नव्हती आणि गावही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हते. त्यातून ग्राम आरोग्यसेविकेची कल्पना पुढे आली. गावाने निवडलेल्या या स्त्रिया बहुतांशी निरक्षर होत्या व त्यांतील अनेक जणी वंचित जातींतील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत आणि आठवड्याभरातील अनुभव एकमेकींना सांगत शिकत. प्रशिक्षण एकदाच होऊन प्रमाणपत्रावर संपत नव्हते. ते वर्षानुवर्षे चालू राहिले. गर्भवतीची काळजी, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, क्षय व कुष्ठरोग्यांचा शोध ही कामे या स्त्रियांनी केली. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांची त्यांना साथ होती.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यू दर १९९० च्या दशकात ३० च्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी भूमिका मांडली, तिच्या पार्श्वभूमीवर असे प्रयोग होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

४.२ गडचिरोलीचे संशोधन

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. सेवेला शास्त्रीय संशोधनाची जोड हे तिचे वैशिष्ट्य होय. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढ्यापुरते पाहणाऱ्या धोरणाला या निष्कर्षाने विचार करावयास लावले.

नवजात अर्भकांच्या मृत्यूंबाबतचा प्रयोग याहूनही परिणामकारक ठरला. प्रयोगाच्या ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर ४७ गावे तुलनेसाठी होती. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, इतकी जबाबदारी अल्पशिक्षित स्त्रियांवर सोपविली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या संदर्भात, नवजात मृत्यूदरात ६२.२ टक्के घट झाली. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांच्या कार्यक्षेत्रांतही 'अंकुर' प्रकल्पाद्वारे ही पद्धती राबविली गेली.

४.३ योजनेतील रूपांतर

गावातील व्यक्तीलाच आरोग्यसेवक बनविण्याची कल्पना शासनाने दोनदा स्वीकारली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजनेत तीन महिन्यांचे प्रशिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन होते. निवड झालेल्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता. गावातील स्त्रिया व बालके हा आरोग्यकार्याचा गाभा. तेथे पुरुष कार्यकर्त्याला प्रवेश नव्हता. नाव पोहोचले, मर्म राहिले, असे या योजनेबद्दल म्हणावे लागते.

दुसरा प्रयत्न २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' हा होय. त्यामागे अनेक स्वयंसेवी प्रयोगांबरोबरच छत्तीसगडमधील 'मितानिन' कार्यक्रमाचाही अनुभव होता. या वेळी दर हजार लोकसंख्येमागे गावातीलच एक स्त्री निवडण्यात आली. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. सुमारे दहा लाख स्त्रियांचे हे मनुष्यबळ आज ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांचा गौरव केला.

तथापि येथेही काही घटक मागे राहिले. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूत स्वतः इंजेक्शन देत असत. राष्ट्रीय कार्यक्रमात ती जबाबदारी आशांकडे आली नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यामागे कारणे असू शकतात. तरीही भेटींचे वेळापत्रक पुढे गेले आणि उपचाराचा अधिकार मागे राहिला, ही वस्तुस्थिती आहे. जामखेडचे साप्ताहिक शिक्षण आशांच्या बाबतीत पहिल्या वर्षातील २३ दिवस व नंतरच्या फेऱ्या असे झाले.

मानधनाचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. जामखेडच्या आरोग्यसेविका पगारी नोकर नव्हत्या, मग आशांनी वेतन का मागावे, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो वरवरचा आहे. जामखेडमधील स्त्री आपल्या गावाला उत्तरदायी होती, कामाची वेळ व क्रम ती स्वतः ठरवीत होती. आशांना लक्ष्ये, नोंदवह्या, मोबाइलवरील नोंदी, सर्वेक्षणे व वरिष्ठांचे आदेश आहेत. आदेश कर्मचाऱ्याप्रमाणे आणि मोबदला स्वयंसेविकेप्रमाणे, ही विसंगती सेवाभावाच्या नावाने झाकता येत नाही. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात आशा व अंगणवाडी सेविकांनी केलेल्या संपांचे मूळ येथे आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. सेवेच्या गौरवातून कामाच्या हक्काकडे टाकलेले ते एक पाऊल होय.

५. पाबळ : हाताला काम, बुद्धीला चालना

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. मुंबईतील औद्योगिक संशोधनाचे काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे एक केंद्र होय. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. या आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली होती. त्याआधी १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नयी तालीम पुढे आली होती. परंतु शाळांत कार्यानुभव बहुधा पुठ्ठा, कागद व गुणपत्रिकेतील एक श्रेणी एवढाच उरला.

पाबळने या कल्पनेला पुन्हा प्रत्यक्ष कामाशी जोडले. शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रम तयार झाला. त्यात कार्यशाळा व अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन हे चार विभाग आहेत. विद्यार्थी वेल्डिंग शिकतो ते गावातील कोणाची तरी चौकट वा शेताचे फाटक तयार करीत. वायरिंग शिकतो ते एखाद्या घराची जोडणी करीत. केलेल्या कामाचे पैसे गिऱ्हाईक देते, म्हणून काम चोख करावे लागते. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी विद्युत्‌रोध मापन, अल्प खर्चाचे घुमटाकार घर, 'मेकबुल' हा लहान ट्रॅक्टर असे उपक्रम येथे झाले. २००२ मध्ये आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक प्रयोगशाळा याच गावात उभी राहिली.

मूल्यमापनाची कल्पनाही येथे वेगळी आहे. एकाच कौशल्यात पारंगत कारागिराला खेड्यात वर्षभर काम मिळत नाही. ज्याला थोडी सुतारी, थोडी वीजजोडणी, थोडी पंपदुरुस्ती येते, तो गावात टिकतो. म्हणून बहुकौशल्य हे ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या रचनेला अनुसरून दिलेले उत्तर होते.

शाळांसाठी हाच आशय आठवी ते दहावीच्या वर्गांत आठवड्यातील एक दिवस 'मूलभूत तंत्रज्ञान' या रूपाने नेण्यात आला. राज्य मंडळाने तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारला. शाळेने गावाला छोट्या सेवा पुरवाव्यात आणि स्थानिक कारागिरांनी निदेशक म्हणून शिकवावे, ही त्याची दोन मर्मे होती. २०२० च्या धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची शिफारस केली, तिच्यात या विचाराचा सूर ऐकू येतो. मात्र अंमलबजावणीत धोका तोच आहे. साहित्याची खरेदी व परीक्षेचे वेळापत्रक सहज पोहोचते. गावाचे खरे काम घेण्याची तयारी पोहोचत नाही. पदवी नसलेल्या गवंड्याला वा सुताराला वर्गात गुरुजींच्या बरोबरीने उभे करणे आपल्या व्यवस्थेला आजही जड जाते.

६. विश्लेषण

वरील अनुभवांची तुलना केली असता पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब म्हणजे, या सर्व प्रयोगांच्या केंद्रस्थानी अल्पशिक्षित स्थानिक व्यक्ती आहे. तज्ज्ञाने आपले काम तिच्यासाठी सोपे केले, परंतु हलके केले नाही.

दुसरी बाब म्हणजे, प्रयोगाचा दृश्य भाग योजनेत लवकर उतरतो. पद, नाव, भेटींची संख्या, आहाराचे प्रमाण यांचे परिपत्रक निघू शकते. विश्वासाचे निघत नाही. विश्वास निर्माण करणाऱ्या गोष्टी, म्हणजे नियमित भेटणारा मार्गदर्शक, चूक सांगण्याची मोकळीक व गावातील मान, यांसाठी वेळ व मनुष्यबळ लागते. अंदाजपत्रकात कपात प्रथम त्यांचीच होते.

तिसरी बाब शासनाच्या बाजूने नोंदविली पाहिजे. स्वयंसेवी संस्था आपले क्षेत्र, सहकारी व गती निवडू शकते. शासनाला प्रत्येक गावात पोहोचावे लागते. त्यामुळे काही गावांतील प्रयोगाच्या यशाशी देशव्यापी योजनेची थेट तुलना करणे अन्यायाचे ठरेल. परंतु कोणता घटक गाळला असता प्रयोगाचा प्राण जातो, एवढे रूपांतराच्या वेळी तपासणे शक्य आहे.

चौथी बाब निधीची आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीमुळे ग्रामीण कार्याला नवा स्रोत मिळाला. तथापि वर्षाच्या हिशेबात बसणारा निधी इमारत व साहित्य यांकडे झुकतो. जामखेडच्या आरोग्यसेविका घडण्यास किती वर्षे लागली, याचे स्मरण निधी देणाऱ्यांना करून द्यावे लागते.

७. महाविद्यालयीन विस्तारकार्यासाठी सूचना

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कार्यरत आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे व सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, ही तिची परिचित चौकट. आपण ज्या गावात शिबिर घेतो त्याला 'दत्तक गाव' म्हणतो. गाव मात्र अनाथ नसते. तेथे अंगणवाडी सेविका आहे, आशा आहे, सुतार व गवंडी आहेत. आपले विद्यार्थी सात दिवसांत त्यांना काय शिकविणार, यापेक्षा त्यांच्याकडून काय शिकणार, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) दरवर्षी नवे गाव न घेता एकाच गावाशी किमान पाच वर्षांचा संबंध ठेवावा आणि प्रत्येक तुकडीने आपली नोंदवही पुढील तुकडीच्या हाती द्यावी.
२) समुदाय सहभागाच्या श्रेयांकांसाठी विद्यार्थ्यांनी आशा व अंगणवाडी सेविकांच्या कामाचा एक पूर्ण आठवडा त्यांच्यासोबत राहून नोंदवावा.
३) गावातील कारागिरांना क्षेत्र प्रकल्पाचे मार्गदर्शक म्हणून रीतसर निमंत्रित करावे व त्यांना मानधन द्यावे.
४) विद्यार्थ्यांच्या अहवालात झालेल्या कार्यक्रमांच्या यादीबरोबर, आपण निघून आल्यावर गावात कोणते काम कोण करू शकते, याची नोंद अनिवार्य करावी.
५) विज्ञान, वाणिज्य, गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागांनी एकत्रित प्रकल्प घ्यावेत, गावाचा प्रश्न विषयवार विभागलेला नसतो.

८. समारोप

ताराबाई मोडक, अनुताई वाघ, आरोळे दांपत्य, बंग दांपत्य व डॉ. कलबाग यांची क्षेत्रे भिन्न होती. तरीही आपल्याजवळचे ज्ञान गावातील साध्या माणसाच्या हाती विश्वासाने सोपविण्याचे धैर्य त्या सर्वांत समान होते. शासनाने त्यांच्या प्रयोगांना व्याप्ती दिली. ती ऐतिहासिक स्वरूपाची आहे. आता त्या व्याप्तीला प्रयोगातील विश्वासाची जोड देण्याचे काम शिल्लक आहे. अंगणवाडी सेविकेला शिक्षिका म्हणून, आशांना आरोग्यकर्मी म्हणून आणि गावच्या कारागिराला गुरू म्हणून मान व मोबदला मिळणे, ही त्याची किमान अट होय. महाविद्यालयांनी आपल्या विस्तारकार्यात याचा आरंभ केला, तर श्रेयांकांसाठी गावात गेलेला विद्यार्थी तेथून शिकून परत येईल.